क्रोशाने हॅलोविनचं भूत करायचंय, साखळी आणि खांब एवढंच येतं, जमेल का?

जमेल की! तीन आठवडे म्हणजे रग्गड झाले, माझं पहिलं भूत चार संध्याकाळीत झालं होतं (आणि पाचव्या संध्याकाळी सगळं उसवलं, ते पुढे सांगते). तुम्ही लिहिलंय की मुलीच्या शाळेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन आहे, तिला विकतचं नकोय, आईने केलेलं सॉफ्ट टॉय न्यायचंय, आणि व्हिडिओ बघून बघून तुमचं डोकं फिरलंय की भूत करू का भोपळा. मी सोलापूरची, जुळे सोलापुरात राहते, हात तोरणं आणि टीव्हीवरच्या रुमालांवर बसलेला, दोन वर्षांपूर्वी भाचीच्या हट्टापायी या बाहुल्यांच्या नादी लागले. आतापर्यंत नऊ भुतं झालीत. मी नाही मोजत, सासूबाई मोजतात.

भूतच करा. भोपळा दिसायला सोपा पण तो गोल असतो, म्हणजे आधी टाके वाढवायचे आणि मग कमी करत आणायचे, आणि कमी करताना नवशिक्याच्या हातून भोकं पडतात. भुताला कमी करणं हा प्रकारच नाही, डोक्यापासून सुरू करायचं आणि खाली पसरत जायचं, संपलं. शिवाय भोपळ्याच्या फाका पाडायला लांब दोरा वरून खाली सहा-आठ वेळा ओढून बांधावा लागतो, जरा जास्त ओढला की भोपळ्याचं टोमॅटो होतं. आणि खरं सांगू का, आपल्याकडे भोपळा म्हटलं की लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येणारी म्हातारी आठवते, घाबरतंय कोण. तिकडेसुद्धा भोपळा नंतरचाच, आयर्लंडात आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, ती माणसं अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला.

सामानाचं पटकन सांगते. पांढरी लोकर, म्हणजे आपण लोकर म्हणतो पण दुकानात मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिकच असते, वर्धमान किंवा ओसवाल काहीही चालेल, ४ प्लाय घ्या. पन्नास ग्रॅममध्ये एक भूत होऊन थोडी उरेल. सुई ३ मिमीची मागा. मी नवी पेठेत गेले तर दुकानदाराने सवयीने ती बारीक स्टीलची सुई पुढे केली, रुमालाच्या दोऱ्याची, त्या सुईने लोकर फाटते नुसती. लेबलवर साडेतीन-चारची सुई लिहिली असेल तरी तुम्ही ३ चीच वापरा, कारण स्वेटर मऊ पडायला हवा असतो आणि बाहुली घट्ट व्हायला हवी असते, नाहीतर टाक्यांमधून आत भरलेला फायबर (उशीत असतो तो) दिसतो. शेजारच्या काकूंचे पूर्व भागात लूम आहेत, त्यांनी मला कोनावरचं उरलेलं सूत दिलं होतं, सहा पदर एकत्र धरून एक भूत त्याचंही केलं, दिसतं फार सुंदर पण सुती दोरा ताणत नाही त्यामुळे बोटं दुखतात आणि सुई सहातले चारच पदर उचलते. पहिल्यांदा त्या भानगडीत पडू नका.

आता माझी चूक ऐका, कारण तुम्हीही हमखास करणार. पहिला पॅटर्न मी एका परदेशी पानावरून उतरवून घेतला, त्यात सगळीकडे डीसी डीसी लिहिलेलं, मी म्हटलं डीसी म्हणजे डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, येतंय की आपल्याला, आणि दणादण खांब घालत गेले. चार दिवसांनी जे तयार झालं ती पांढरी चाळणी होती. फायबर भरला तर प्रत्येक भोकातून मिशा बाहेर. नंतर कळलं की तो पॅटर्न ब्रिटिश होता, आणि ब्रिटिश लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्याला अमेरिकन लोक सिंगल क्रोशे म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब. ओळखायची खूण सोपी आहे, पॅटर्नमध्ये कुठेही एससी हा शब्द दिसला तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे हे नावच नाही. बाहुल्यांच्या या जपानी प्रकाराला आमिगुरुमी म्हणतात, त्यात जवळजवळ सगळं काम मुक्या खांबाचंच. तुम्हाला खांब येतो म्हणजे मुका येतोच, फक्त सुईला आधी वेढा घ्यायचा नाही. टाक्यात सुई घाला, दोरा ओढा, सुईवर दोन फासे आले की एकदम काढा. झालं.

भूत असं. बोटाभोवती दोऱ्याचा फास करून त्यात ६ मुके खांब, फास ओढून बंद. हा फास जमत नसेल तर २ साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत सहाच्या सहा घाला, डोक्यावर बारीक भोक राहील, बाळाच्या टाळूसारखं, कुणी बघत नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, १२ होतील. तिसरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं करत गेलात की १८. मग २४, ३०, ३६, म्हणजे दर फेरीला ६ वाढतात, एवढंच गणित. ३६ वर आलात की वाढवणं बंद, १० फेऱ्या नुसत्या सरळ, डोकं आणि अंग एकच. मग एकदा ४२ करा, २ फेऱ्या सरळ, मग ४८, परत २ फेऱ्या सरळ. उंची साधारण दहा-अकरा सेंटीमीटर भरते, शाळेच्या बॅगेला अडकवता येईल एवढं.

फेरी जोडायची नाही, गोगलगाईसारखं गोल गोल जात राहायचं, म्हणून फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा किंवा सेफ्टी पिन अडकवा आणि दर फेरीला पुढे सरकवा. मला वाटायचं मी इतकी वर्षं करतेय, मला काय गरज पिनेची, आणि मग फोन यायचा, कुकरची शिट्टी व्हायची, परत आले की ३३ टाके. मोठ्यांदा मोजा, घरच्यांना हसू दे.

आणखी एक, विणताना वाटी आपोआप उलटी वळते, आतली बाजू बाहेर. बाहेरच्या बाजूला इंग्रजी व्ही सारखे टाके दिसतात आणि आतल्या बाजूला आडव्या रेघा. सहा-सात फेऱ्या झाल्या की बघा, रेघा बाहेर असतील तर टोपी उलटवतात तशी उलटवा.

ऑक्टोबरात आमच्याकडे जी उष्णता असते ती तुम्ही सोलापूरला आल्याशिवाय कळणार नाही, हात घामेजतात, अ‍ॅक्रिलिक सुईवर करकरतं आणि पांढरी लोकर दोन दिवसांत राखाडी. हाताला पावडर लावून बसा. आणि जेवून उठून लगेच हातात घेऊ नका, माझ्या तिसऱ्या भुताच्या पोटावर शेंगाचटणीचं बोट उमटलं, धुतलं तरी गेलं नाही. भाची म्हणाली आत्या राहू दे, रक्त आहे म्हणून सांगते मी.

आता डोळे. माझ्या मते सगळा खेळ इथे आहे, बाकी भूत काय, सगळ्यांचं सारखंच होतं. डोळे खाली आणि लांब लांब लावले तर ते तान्ह्या बाळासारखं दिसतं, वर आणि जवळजवळ लावले तर बघणाऱ्याला कसंतरी होतं. अकराव्या-बाराव्या फेरीच्या मध्ये, दोन डोळ्यांत सात-आठ टाक्यांचं अंतर, हे झालं गरीब भूत. सातव्या-आठव्या फेरीच्या मध्ये तीन-चार टाके सोडून, हे झालं खरं. पण आधी पक्के करू नका, त्या प्लॅस्टिकच्या डोळ्यांना मागून वॉशर दाबला की परत निघत नाही. मी काय करते, टिकल्यांचं पाकीट घेते आणि टिकल्या चिकटवून बघते, लोकरीवर तासभर तरी टिकतात, हव्या तशा सरकवायच्या, लांब ठेवून बघायचं. एकदा काळ्या संपल्या होत्या म्हणून लाल लावल्या, वर, जवळजवळ, आणि भूत टीव्हीपाशी ठेवून झोपून गेले. पहाटे सासूबाई उठल्या, लाईट न लावता देवघराकडे निघाल्या, आणि मग जे ओरडल्या ते खालच्या मजल्यावरचे पण उठले. त्यात नेमकी सर्वपित्री अमावस्या. "काय करलालीस गं हे, अवसेला घरात भुतं?" मी घाबरून उठले, सॉरी वगैरे म्हटलं, चहा केला. चहा पिऊन झाल्यावर बघते तर त्या चष्मा लावून बसल्यात आणि टिकल्या सोडवून हळूहळू खाली सरकवतायत. "हं, आता बघ. आता कसं लेकरू दिसतंय." डोळ्यांचं शास्त्र मी त्यांच्याकडून शिकले असं म्हटलं तरी चालेल. तुम्ही मुलीला विचारा वर्गाला घाबरवायचंय का लाड करून घ्यायचेत, आणि त्याप्रमाणे लावा. घरात तीन वर्षांच्या आतलं धाकटं असेल तर प्लॅस्टिकचे डोळे नकोच, काळ्या दोऱ्याने भरा.

भूत पांढऱ्या चादरीतलंच का असा प्रश्न भाचीने मला विचारला होता. तर ती चादर म्हणजे मुळात कफन, तिकडे प्रेत पांढऱ्या कापडात गुंडाळून पुरायचे, तेच कापड पांघरून भूत परत येतं अशी कल्पना. आणि यातली मला भयंकर आवडलेली गोष्ट, इंग्लंडात १६६६ ते १६८० च्या दरम्यान कायदेच केले होते की प्रेत इंग्लिश लोकरीच्याच कापडात पुरायचं, मोडला तर ५ पौंड दंड, प्लेगने गेलेल्यांना आणि अगदी गरिबांना तेवढी सूट. कारण काय तर देशातला लोकरीचा धंदा चालावा! कायदा रद्द झाला तो थेट १८१४ मध्ये. म्हणजे त्या काळातलं इंग्लिश भूत लोकरीचंच असणार, आपण काही चुकीचं करत नाही. हे मी लूमवाल्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, असा एखादा कायदा आपल्या चादरीसाठी पण करायला पाहिजे, मरणाचं सोड, निदान लग्नात आहेर तरी.

त्यावरूनच पुढची भुतं सुचली. भाची म्हणाली सोलापूरचं भूत आणि प्लेन पांढरी चादर? लाज वाटत नाही? बरोबर आहे, आपल्या चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि आपण भुताला साधी चादर देतोय. म्हणून आता खालच्या सहा फेऱ्यांत मी मरून रंगाचे आणि बॉटल ग्रीनचे पट्टे घालते. रंग बदलताना आधीच्या रंगाचा शेवटचा टाका अर्धा ठेवायचा, सुईवर दोन फासे असताना नवीन रंगाने ओढून काढायचा, म्हणजे पट्टा स्वच्छ येतो. गोल जात असल्यामुळे रंग बदलतो तिथे एक बारीक पायरी दिसतेच, ती भुताच्या पाठीला येईल असं बघून मगच डोळे लावा.

तळाला ४८ टाक्यांची चकती लागते, म्हणजे ६ पासून सुरू करून ८ फेऱ्या. अंगाची कड आणि चकतीची कड एकावर एक धरून दोन्हींतून मुके खांब घालत जायचे, दहा-बारा टाके राहिले की फायबर भरायचा. कापूस नको, गोळे होतात आणि धुतल्यावर वाळत नाही, जुनी उशी फाडा, त्यातला फायबर पिंजून घ्या. डोक्यात ठासून, खाली जरा कमी, म्हणजे बसतं नीट. शिवून झाल्यावर त्याच कडेवर झालर, दोन टाके सोडून एकाच टाक्यात ५ खांब, परत दोन सोडून पुढच्यात नुसतं अडकवायचं. ४८ मध्ये बरोबर ८ पाकळ्या बसतात. खांब येतो म्हणालात ना, तो इथे कामाला येईल. हात हवे असतील तर ६ चे ९ करून पाच फेऱ्या सरळ, दोन नळ्या, चपट्या करून शिवा, नसले तरी बिघडत नाही.

आज रात्री डोकं नका सुरू करू, आधी ती तळाची चकती करा. वाटीसारखी वर वळली तर टाके कमी पडलेत, झालरीसारखी लाटा मारत असेल तर जास्त झालेत, ताटलीसारखी सपाट पडली की समजा मोजणं जमलं. आणि बिघडली तरी ती भुताच्या बुडाखालीच जाणार आहे.