वाचकांचे प्रश्न : मी घरीच होते, मग दीरच कशाला हवा?

प्रश्न : आमच्याकडे तंबाखू-गुटख्याचा सर्व्हे करायला एक मुलगी आली होती. घरात कोण कोण, वयं काय, सगळं टाकून घेतलं आणि टॅबवर काहीतरी दाबून म्हणाली तुमच्या दिरांशी बोलायचंय. ते लूमवर असतात, रात्री येतात. मी म्हटलं अगं मलाच विचार की, कोण खातं कोण ओढतं सगळं मला माहितीये. ऐकलं नाही, संध्याकाळी परत आली. एवढा कसला हट्ट?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, हट्ट त्या मुलीचा नाही, तिला बदलायची परवानगीच नसते. नुसतं घर निवडून भागत नाही, घरात सहा मोठी माणसं असतील तर त्यातलं कोण हेही चिठ्ठी काढल्यासारखंच ठरवावं लागतं, नाहीतर दुपारी दोनला जो दार उघडेल तोच सगळ्यांच्या वतीने बोलणार, म्हणजे घरातल्या बायका आणि रिटायर्ड माणसं, आणि कामावर गेलेले पुरुष गायब. तंबाखूच्या सर्व्हेत असं झालं तर आकडा खालीच येणार ना. आणि दिराचं तुम्ही सांगणार म्हणजे तुम्हाला दिसतं तेवढंच, टपरीवर तो काय चघळतो ते जाऊबाईंना तरी माहितीये का? उलट सासूबाईंची मिश्री त्यांच्यासमोर तुम्ही सांगितली असती का, खरं सांगा.

आता टॅब निवडतो, पूर्वी छापील तक्ता असायचा. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकेत तो मांडला. आधी पुरुष मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, मग बायका तशाच. म्हणजे तुमच्याकडे सासरे १, मिस्टर २, दीर ३, सासूबाई ४, तुम्ही ५, जाऊबाई ६, आणि सहा जण असतील तर कितवा नंबर घ्यायचा हे त्या घराच्या फॉर्मवर आधीच ठरलेलं. गंमत म्हणजे तक्ता सहापर्यंतच, त्यामुळे नऊ जणांच्या घरात शेवटच्या तीन बायकांचा, म्हणजे सगळ्यात धाकट्या सुना-मुलींचा नंबर कधी लागणारच नाही. तिकडे चालून गेलं, आपल्या एकत्र कुटुंबात हे काही खरं नाही. फोनवरच्या सर्व्हेत अजून एक पद्धत असते, ज्याचा वाढदिवस नुकताच झाला त्याला फोन द्या म्हणतात. आपल्याकडे कितीतरी आजोबांचा वाढदिवस १ जून, शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेला, तिथे काय करणार!

प्रश्न : सहा जणांतून एकच बोलला, मग आमच्या घराचं मत कमी नाही का झालं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, ते नंतर हिशोबात भरून काढतात. एकट्या राहणाऱ्या माणसाचा नंबर नक्की लागतो, तुमच्यातल्या प्रत्येकाचा चान्स सहात एक, म्हणून तुमच्या घरातल्या उत्तराला सहापट वजन देतात. २०१६-१७ च्या देशभरातल्या तंबाखू सर्व्हेत ७४,०३७ जणांना प्रश्न विचारले, तेही घरटी एकच.

प्रश्न : कुटुंब आरोग्याच्या सर्व्हेत मला आणि जावेला दोघींनाही बसवलं, पण शेवटचे काही प्रश्न फक्त तिलाच, तेही खोलीचं दार लावून. मला का नाही?
– एक वाचक, लातूर

उत्तर : त्या सर्व्हेत (एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण; मुंबईची आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था ते करते) घरातल्या १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायकांना विचारतात, पाहुणी म्हणून आदल्या रात्री राहिलेली असली तरी. पण नवऱ्याकडून मारहाण होते का हा भाग काही ठराविक घरांतच असतो आणि तिथेही एकाच बाईला, चिठ्ठीने निवडून. कारण दोघींना विचारलं तर काय विचारलं हे दोघींना कळणार, मग ते स्वयंपाकघरात निघणार, तिथून सासूच्या कानावर आणि रात्री नवऱ्याच्या, आणि जिने खरं सांगितलं तिची धडगत नाही. एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडूनच देतात, उत्तर राहिलं तरी चालेल पण बाई अडचणीत यायला नको. म्हणून जावेला काय विचारलं ते खोदून विचारू नका, तिने आपणहून सांगितलं तर गोष्ट वेगळी.

आणि हो, तुमची चूल वेगळी असती तर एकाच छपराखाली राहूनही कागदावर तुमची दोन घरं धरली असती, मग कदाचित तुमचाही नंबर लागला असता.