मध्येच तोंड घालतोस ना?

अरे, समोरच्याचं बोलणं तोडणं हे २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत, आपल्या एडीएचडीच्या (लक्ष टिकत नाही, उतावीळपणा आवरत नाही, तोच तो) लक्षणांत चक्क नोंदलेलं आहे. पण ते बायकोला वाचून दाखवू नकोस. मी दाखवलं होतं. दोन दिवस अबोला! आत्ता बोललो नाही तर मुद्दा निसटेल असं आपल्याला वाटतं, आणि तो खरंच निसटतो. म्हणून मी खिशात छोटी वही ठेवतो. ती बोलत असताना एकच शब्द खरडतो, "गॅस" किंवा "आत्या". हे तिला आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर मी हिशेब मांडतोय असं वाटायचं तिला. आणि मेसेज वाचलास की लगेच "संध्याकाळी बोलतो" एवढं तरी टाक. मनातल्या मनात दिलेलं उत्तर पोचत नाही रे. मावसभावाला लग्नाच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्यात माझ्या; त्याची मुलगी आता शाळेत जाते.