कॉलेजच्या विज्ञान मंडळातर्फे जनुकशास्त्रातल्या नोबेलविजेत्या शोधांवर कार्यक्रम करायचाय. पोस्टर आणि क्विझ सोडून काय करता येईल? प्रमुख पाहुणे म्हणून कोणाला बोलवावं?

क्विझ खुशाल रद्द करा. डीएनएच्या रचनेसाठीचं १९६२ चं नोबेल कोणाकोणाला मिळालं हे ज्याला पाठ आहे, त्याला डीएनएबद्दल काही समजलंय असं होत नाही. त्याला यादी पाठ आहे, इतकंच. पोस्टर लावायची तर लावा, पण त्यावर फोटो आणि जन्म-मृत्यूच्या तारखा नकोत. त्या माणसाला हे कळलं कशावरून, एवढंच लिहा.

इतक्या तावातावाने सांगतेय त्याला कारण आहे. बी.एस्सी.ला असताना मी आमच्या विज्ञान मंडळाची सचिव होते आणि आम्ही घेतलेला विषय हाच होता. मला मक्यावर काम करणाऱ्या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांच्यावर एक टेबल मांडायचं होतं. वर्गातली एक मैत्रीण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडची. तिने त्यासाठी घरून देशी मक्याची कणसं आणली. तिच्याकडे बियाणं घरचंच राखून लावतात, त्यामुळे एकाच कणसात पिवळे, पांढरे, लालसर, जांभळे दाणे शेजारी शेजारी. त्यातल्या एका कणसावर काही दाणे फिके आणि वर जांभळे ठिपके, शाईचं पेन झटकल्यासारखे. आम्ही दोघी भिंग घेऊन बसलो ते उठलोच नाही.

मॅक्लिंटॉक यांनी असेच दाणे वर्षानुवर्षं तपासले. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला त्या मका लावायच्या, ठरवून संकर करायच्या आणि आलेलं एकेक कणीस बघायच्या. एका दाण्याला सगळीकडे सारखीच जनुकं मिळालेली, मग रंग ठिपक्याठिपक्यांनी का? त्यांना सापडलेलं उत्तर असं: रंगाच्या जनुकात 'डीएस' नावाचा एक तुकडा घुसून बसतो, जनुक बंद पडतं आणि दाणा फिका राहतो. दाणा भरत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा उठून जातो. त्याला उठवायला 'एसी' नावाचा दुसरा घटक हजर असावा लागतो. तुकडा उठला की त्या पेशीला आणि तिच्यापासून पुढे होणाऱ्या सगळ्या पेशींना रंग येतो. लवकर उठला तर ठिपका मोठा, उशिरा उठला तर बारीक. ठिपक्याच्या आकारावरून घटना कधी घडली ते वाचता येतं! १९५१ मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडलं तेव्हा जनुकं आपापल्या जागी पक्की असतात असंच बहुतेक सगळे धरून होते, त्यामुळे फारसं कोणी मनावर घेतलं नाही. पुढे जिवाणूंमध्येही असे तुकडे सापडले. १९८३ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना एकटीला मिळालं, वयाच्या ८१ व्या वर्षी. मक्याच्या जीनोमचा, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचा, सुमारे ८५ टक्के आणि माणसाच्या जीनोमचा जवळपास निम्मा भाग अशा तुकड्यांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा आहे.

कार्यक्रमाच्या सकाळी विभागप्रमुख मांडणी बघायला आले. कणसं बघून म्हणाले, "ही भेसळ कशाला मांडलीय? पाहुणे यायच्या आत टेबल रिकामं करा." मी म्हटलं, सर, वेगवेगळ्या रंगांचे अख्खे दाणे परागकण वेगवेगळे आल्याने होतील, पण एकाच दाण्यावरचे ठिपके भेसळीने कसे होतील? त्यावर ते म्हणाले, "मुलांना निष्कर्ष सांगायचा असतो. पुरावे त्यांना झेपत नाहीत." कणसं जिन्याखाली गेली आणि टेबलावर थर्माकोलचा डीएनए आला. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगत, आभार. ज्या बियाण्याला ते भेसळ म्हणाले, ते माझ्या मैत्रिणीच्या आईने निवडून निवडून राखलेलं होतं. मैत्रीण त्या दिवशी कार्यक्रमाला थांबली नाही.

आता मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि अनुभवाने सांगते, पुरावे झेपतात. हरगोविंद खुराना यांचं काम घ्या (नोबेल १९६८, निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत). प्रश्न असा: आरएनए हा डीएनएसारखाच अक्षरांचा धागा, त्यातली किती अक्षरं मिळून एक शब्द होतो, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक मणी, एक अमिनो आम्ल, ठरतं? कागदाच्या पट्टीवर यूसीयूसीयूसी असं लांबलचक लिहा आणि पट्टी मुलांच्या हातात द्या. दोन-दोन अक्षरांनी वाचली तर एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. चार-चारने वाचली तरी तेच. तीन-तीनने वाचली तर यूसीयू, सीयूसी असे दोन शब्द आलटून पालटून येतात. अशा आरएनएपासून प्रत्यक्षात जी साखळी मिळाली तिच्यात सेरीन आणि ल्युसीन एकाआड एक होते. मग कोणीतरी विचारतंच, तीनच कशावरून, पाच का नाही? हा प्रश्न आला की माझा तो तास सोन्याचा. दुसरी पट्टी काढायची, एएजीएएजीएएजी. पाच-पाचने वाचली तर तीन वेगवेगळे शब्द पाळीपाळीने येतात, म्हणजे साखळी मिश्र व्हायला हवी. तीन-तीनने वाचली तर, सुरुवात कुठून केली त्यानुसार, एएजी, एजीए किंवा जीएए यांपैकी एकच शब्द येत राहतो. मिळाल्या त्या साखळ्या प्रत्येकी एकाच अमिनो आम्लाच्या होत्या, लायसीनची, आर्जिनीनची आणि ग्लुटामिक आम्लाची. पोरं हे स्वतः शोधून काढतात. खुराना भारतीय की अमेरिकन, यावर मात्र वेळ घालवू नका.

आता पाहुण्यांचं. नाव मोठं म्हणून कोणालाही आणू नका. कृषी विद्यापीठातले मका पैदासकार मिळाले तर त्यांना बोलवा, त्यांची कणसं आणायला सांगा आणि भाषणाऐवजी टेबलाशी उभं करा. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी देशी वाण राखत असतील तर त्या घरच्या बाईंना शेजारी मानाने खुर्ची द्या. बी कसं निवडतात हे त्यांच्याइतकं तुमच्या पाहुण्यांनाही सांगता येईलच असं नाही. समारंभाचे फोटो अहवालाला लागतात हे मला मान्य आहे, ते सुरुवातीलाच काढून मोकळे व्हा.

बाजारातला संकरित पिवळा मका यासाठी उपयोगाचा नाही. आणि ठिपके दिसले म्हणजे उडतं जनुकच (डीएससारखा जागा बदलणारा तुकडा), असंही छातीठोक सांगू नका. मक्याचं रंगाचं एक जनुक परागाकडून आलं तरी दाणा कबरा होऊ शकतो. संकर करून पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि मुलांना हेही सांगा.

दिवस म्हणून वैद्यकाचं नोबेल जाहीर होतं तो ऑक्टोबरच्या सुरुवातीचा सोमवार चांगला. आपल्याकडे दुपारी तीनच्या सुमारास घोषणा होते, ती सगळ्यांनी मिळून पडद्यावर बघता येईल. पण ते दरवर्षी जनुकशास्त्रालाच मिळतं असं नाही, तेव्हा सगळा कार्यक्रम त्यावर टांगू नका. खरीप मका तोवर निघायला लागतो. गणपती झाले की कणसांसाठी निरोप धाडायला सुरुवात करा.