थायलंडच्या चियांग माईत डोंगरावरचं देऊळ आणि धबधबा अशी अर्ध्या दिवसाची गाइडसोबतची ई-बाइक टूर आहे. वय ५२, व्यायाम म्हणजे रोज पुण्याची तळजाई टेकडी. झेपेल का?

झेपेल. गाव ३०० मीटरच्या आसपास, दोई सुथेपचं देऊळ हजाराच्या वर. पुण्यातून सिंहगडाच्या माथ्यावर जाण्याइतकाच चढ धरा. मोटर जोर लावते, पण पायडल तुम्हालाच मारायचंय. सगळा घाट टर्बोवर (मोटरचा सगळ्यात जास्त जोर) चढलात तर बॅटरी मध्येच मान टाकेल. सपाटीवर इको (सगळ्यात कमी जोर) ठेवा.

खरी कसोटी उतारावर. निघायच्या आधी ब्रेकचा लिव्हर दाबून बघा. हँडलला टेकला तर सायकल सरळ बदलून मागा, भिडेला पडू नका. ब्रेक सतत धरून ठेवले की तापतात. वळणाआधीच वेग कमी करा. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, हे एक बरंय.

देवळाला तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर तिकीट काढून ट्रॉलीने जा. खांदे-गुडघे झाकलेले लागतात, तेव्हा शॉर्ट्सवर गुंडाळायला पातळ ओढणी किंवा पंचा ठेवा.

धबधबा पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच बघण्यासारखा. मार्चमध्ये पाणी बारीक आणि शेतं-जंगलं जाळल्याचा धूर. तेव्हा जात असाल तर धबधब्यासाठी जादा पैसे मोजू नका.