डायपर ओला, तरी मूत्राशय भरलेलंच

प्रश्न : मुलगी ६ वर्षांची आहे. जन्मतः पाठीवर मेनिंगोमायलोसीलची (मणक्याच्या फटीतून मज्जारज्जू बाहेर आल्याची) गाठ होती, तिचं ऑपरेशन झालं. डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी काढून नेणारी बारीक नळी) आहे. लघवी सतत ठिबकते. डॉक्टर दिवसातून पाच वेळा नळी घालून लघवी काढायला सांगतात. तिला काहीच त्रास नाही, मग हे कशाला?
– एक आई, सांगली

उत्तर : त्रास जाणवत नाही, धोका त्यातच आहे. मज्जारज्जूतल्या नसा अधू असल्यानं मूत्राशय भरल्याचं तिला कळत नाही आणि ते पूर्ण रिकामंही होत नाही. ठिबकते ती बहुतेकदा भरून वाहणारी लघवी. आतला दाब वाढला की लघवी उलटी मूत्रपिंडांकडे चढते आणि ती न दुखता खराब होत जातात. म्हणून पोट दाबूनही लघवी काढू नका.

नळी दर तीन-चार तासांनी घालायची. या वयाला साधारण ८ किंवा १० नंबरची लागते. हात साबणानं धुवा, जागा पुढून मागे पुसा, टोकाला पाण्यात विरघळणारी जेली लावा, तेल नको. लघवी येऊ लागली की नळी आणखी सेंटिमीटरभर आत सरकवा. धार थांबल्यावर सावकाश बाहेर घ्या आणि मध्येच पुन्हा धार लागली तर तिथंच थांबा. घाई होते ती इथं, आणि तळाशी उरलेल्या लघवीत जंतू वाढतात.

दर वेळी किती निघाली ते मोजून वहीत लिहा. मूत्राशयात साधारण किती मावतं ते काढायला वयात २ मिळवून ३० नं गुणा : तिच्यासाठी २४० मिली. नेहमीच याहून जास्त निघत असेल तर दोन वेळांमधलं अंतर कमी करा.

नळी सिलिकॉनची किंवा पीव्हीसीची घ्या, रबरी नको. या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी सहज जडते. वाढदिवसाचे फुगेही टाळा. शौचाला खडा होऊ देऊ नका, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. सोनोग्राफी आणि युरोडायनॅमिक (मूत्राशयातला दाब मोजणारी) तपासणी चुकवू नका. ताप किंवा दुखणं नसताना केवळ लघवीत जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक सुरू करू नका.

नळी वेळेवर घालूनही गळती वाढली, चाल बिघडली किंवा पाठ दुखू लागली, तर मज्जारज्जू खाली चिकटून ताणला जात असेल, न्यूरोसर्जनना दाखवा. उलट्या, डोकेदुखी, गुंगी दिसली तर शंट बंद पडला असेल, त्याच दिवशी दाखवा, रात्र असली तरी.