जुन्या सायकलीला फिक्स गिअर: मागच्या चाकाचे आटे आधी, रंगरूप नंतर

वाचक विचारतात

या वेळची पत्रे जुन्या सायकली विकत घेऊन किंवा घरातलीच जुनी सायकल खोलून तिला फिक्स गिअर बसवण्याविषयी आहेत. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की फिक्स गिअरच्या सायकलीत फ्रीव्हील नसते. मागची चक्री चाकाच्या हबला पक्की बसवलेली असते, त्यामुळे चाक फिरते आहे तोवर पायडलही फिरतच राहतात आणि उतारावर पाय स्थिर ठेवून बसण्याची सोय उरत नाही.

प्रश्न : स.न.वि.वि. आमच्या आजोबांची काळी, २८ इंची चाकांची, दांडीच्या ब्रेकची सायकल माळ्यावर पडून आहे. सर्व भाग मूळचे आहेत. तिला फिक्स गिअर बसवावा असे वाटते. मिस्त्री म्हणतात, फ्रीव्हीलला वेल्डिंगचे दोन टाके मारले की काम झाले. मला अधूनमधून तवंदी घाट उतरून निपाणीत यावे लागते. हे करावे का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : वेल्डिंग मुळीच करून घेऊ नये. मिस्त्रींचा हात कितीही चांगला असला तरी दोष टाक्यात नाही, आट्यांत आहे. फ्रीव्हील हबवर सुलट आट्यांनी चढवलेले असते. पुढे पायडल मारले की ते आणखी घट्ट होते आणि मागे जोर लागण्याचा प्रसंगच येत नाही, म्हणून त्याला कुलूप लावण्याची गरज कारखान्याला कधी पडली नाही. वेल्डिंगने फ्रीव्हील जाम केले, की उतारावर आपण पायाने वेग रोखू लागतो आणि तो सगळा जोर उलट दिशेने, म्हणजे नेमका आटे सोडवण्याच्या दिशेने लागतो. घाटाच्या वळणावर चक्री आट्यांवरून सुटली तर पाय पोकळ फिरतात, आणि साखळी उतरून आऱ्यांत अडकली तर चाक जागीच थांबते. फ्रीव्हील थेट हबलाच जोडून टाकावे असेही कोणी सुचवील. तेही नको, कारण त्या उष्णतेने हबमधील कपाचे पाणी उतरते आणि छर्रे थोड्याच दिवसांत त्यात खाचा पाडतात. शिवाय पुढे चक्रीच्या बाजूची एखादी आरी तुटली, तर फ्रीव्हील निघत नसल्यामुळे ती बदलताही येत नाही.

यासाठी निराळा हब मिळतो, त्याला ट्रॅक हब म्हणतात. तो हातात घेऊन पाहिला तर आट्यांच्या दोन पायऱ्या दिसतात. आतली मोठी पायरी १.३७ इंच व्यासाची, इंचाला २४ आट्यांची आणि सुलट असते. तिच्यावर चक्री चढते. बाहेरची पायरी किंचित लहान, १.२९ इंचाची, तितक्याच बारीक पण उलट्या आट्यांची असते. तिच्यावर लॉकरिंग, म्हणजे चक्रीला कुलूप लावणारी कडी, बसते. चक्री सैल होण्यासाठी ज्या दिशेला सरकू पाहते त्याच दिशेला लॉकरिंग आवळले जाते, अशी ती रचना आहे. मोठ्या पायरीचे माप फ्रीव्हीलच्या नेहमीच्या इंग्रजी मापाइतकेच असल्यामुळे ट्रॅकची चक्री साध्या हबवरही चढते आणि त्यामुळेच अनेकांची फसगत होते. ती चढते, पण तिला धरून ठेवणारी उलटी पायरी तेथे नसते.

आता आपल्या सायकलीकडे पाहू. इंग्रजी पद्धतीच्या रोडस्टर सायकलींना (आपल्या आजोबांची सायकल याच जातीची) पुढे ३२ आणि मागे ४० आऱ्या असतात, तर बाजारातले ट्रॅक हब बहुधा ३२ किंवा ३६ भोकांचे असतात. म्हणजे जुनी मागची रिम नव्या हबला चालत नाही. ट्रॅक हबची रुंदी १२० मिलिमीटर असते आणि अनेक जुन्या रोडस्टरमध्ये मागच्या चिमट्याची, म्हणजे चाक धरणाऱ्या नळ्यांची, आतली रुंदी याहून कमी भरते. लोखंडी चिमटा थोडा फाकवता येतो, पण ते दोन्ही बाजूंना सारखे आणि मोजून व्हावे लागते. साध्या २८ इंची रिमचे टायर बसण्याचे माप ६३५ मिलिमीटर, तर आजच्या ७००-सी रिमचे ६२२ असते, म्हणजे नवी रिम घातली की तिची कड साडेसहा मिलिमीटर आत जाते. दांडीचा ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला घासतो, तो अशा नव्या रिमला उपयोगी पडत नाही. आणि बाजूंनी पकडणारा ब्रेक बसवायचा तर चिमट्याच्या माथ्याला भोक आहे का आणि ब्रेकचे हात तेवढे लांब आहेत का, हे आधी पाहावे लागते.

इतके सगळे केल्यावर आजोबांच्या सायकलीचे मागचे चाक, ब्रेकच्या दांड्या आणि बहुधा चेनकव्हरही पोत्यात जाईल. सायकल पूर्ण आणि मूळ भागांची असेल तर तिला ओव्हरऑइलिंग करून आहे तशी चालवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फिक्स गिअरसाठी चाके नसलेला, नुसता सांगाडा उरलेला एखादा फ्रेम भंगारवाल्याकडून घ्यावा. रोडस्टरच्या फ्रेममध्ये मागच्या आसाची खाच आडवी असते, त्यामुळे चाक मागेपुढे सरकवून साखळी ताणता येते आणि फिक्स गिअरला तेच हवे असते. आसाचे वॉशर, बुश आणि अंतर भरणाऱ्या कड्या बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कोणीही लेथवाला चोख करून देईल. चक्री आणि लॉकरिंग मात्र तयारच घ्यावेत. मऊ लोखंडाचे दात आणि आटे फार टिकत नाहीत.

घाटाचा मुद्दा राहिला. ६८ इंचांच्या गिअरला (इंचांचा हिशेब खाली खानापूरच्या उत्तरात आहे) पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. ताशी ४० किलोमीटर वेगाला पायांना मिनिटाला सुमारे १२३ फेरे घ्यावे लागतात, ताशी ६० ला १८४. सराव नसलेल्या माणसाचे पाय त्यापूर्वीच पायडलवरून सुटतात आणि मग पायडल नडग्यांवर आपटत राहतात. वेग कमी करताना वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे चाक हलके होते, त्यामुळे पायाने रोखण्याला मर्यादा आहे. पुढचा चांगला ब्रेक आणि पायडलला पायपट्टे नसतील, तर तवंदी घाटात फिक्स गिअरची सायकल आणूच नये. शर्यतीच्या ट्रॅकवरच्या सायकलींना ब्रेक नसतो हे खरे आहे. पुण्यात बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या संकुलात तसा ट्रॅक आहे, पण तेथे समोरून उसाची ट्रॉली येत नाही.

प्रश्न : इंग्लंडमध्ये बनलेली जुनी लोखंडी रेसिंग सायकल एक गृहस्थ विकत आहेत. पाहायला जाताना काय तपासावे? — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : उजेडात पाहावी आणि पुसून चकचकीत केलेली असेल तर जरा जास्तच वेळ घ्यावा. हँडलच्या मागे वरची आणि खालची नळी जेथे सुरू होते, तेथे नळीच्या खालच्या अंगावरून बोट फिरवावे. समोरून धडक बसलेल्या सायकलीत तेथे बारीक उंचवटा किंवा रंगाला आडवी सुरकुती हाताला लागते. ती नव्या रंगाखाली डोळ्याला दिसत नाही, पण बोटाला कळते. मग एक दोरा मागच्या आसाच्या एका खाचेपासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावा आणि सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. ते सारखे भरले नाही तर फ्रेम वाकलेला आहे.

मागच्या आसाची खाच उभी असेल तर सायकल कितीही देखणी असली तरी फिक्स गिअरसाठी सोडून द्यावी, कारण तिच्यात साखळी ताणता येत नाही. सीटचा दांडा हलतो का पाहावे. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षे राहिला की तो असा धरतो, की काढताना फ्रेमच जायची. पायडलच्या एक्सलचे कप खोलताना मिस्त्रींना आधीच सांगून ठेवावे, की इंग्रजी मापात चक्रीच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. इटालियन मापात तो ३६ मिलिमीटरचा आणि दोन्हीकडे सुलट असतो, तर नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या अनेक जुन्या सायकलींत इंचाला २४ ऐवजी २६ आटे असतात आणि त्यांना नेहमीचे कप बसत नाहीत. क्रँक कॉटरचे, म्हणजे पाचरीसारख्या खिळीने बसवलेले, असतील तर कॉटर ठोकताना क्रँकखाली पोकळ पाइपाचा आधार द्यावा. फिक्स गिअरमध्ये जोर दोन्ही दिशांनी लागत असल्यामुळे झिजलेला कॉटर लगेच खटखटू लागतो. तो नवा घालावा.

हब स्टर्मी-आर्चर या इंग्रजी कंपनीचा असेल तर बहुधा त्याच्या कवचावर वर्ष कोरलेले सापडते. विकणारे सांगतात ते वय त्याच्याशी ताडून पाहावे. हब मागाहून बदललेला असू शकतो, हेही लक्षात ठेवावे. आणि फ्रेम नंबर लिहिलेली, सहीची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नंबर घासलेला असेल तर भाव न करताच परत यावे.

प्रश्न : खानापूर–जांबोटी भागासाठी चक्रीचे दात किती घ्यावेत? पावसात फिक्स गिअर चालते का? — एक वाचिका, खानापूर

उत्तर : चाकाचा व्यास इंचांत घेऊन त्याला पुढच्या दातांनी गुणावे आणि मागच्या दातांनी भागावे. ७००-सी चाक जवळपास २७ इंचांचे धरले तर ४४ आणि १८ दातांना ६६ इंच येतात. आपल्या चढांना ६३ ते ६८ पुरेत. त्यावरचा गिअर सपाट रस्त्यावर छान वाटतो आणि जांबोटीच्या वाटेवर गुडघे मागतो. दातांची जोडी निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी. पायाने चाक अडवून घसरवण्याची सवय लागली, तर ४८ आणि १६ सारख्या पूर्ण भाग जाणाऱ्या जोडीत टायर दर वेळी एकाच जागी घासतो आणि लवकर फाटतो. ४२ आणि १७ घेतले तर तीच झीज १७ जागी वाटली जाते.

पावसात चालते. मात्र तांबड्या चिखलाने साखळी झपाट्याने झिजते. साखळीच्या एका खिळ्यापासून पुढच्या २४व्या खिळ्यापर्यंतचे अंतर नवी असताना बरोबर १२ इंच असते. ते १२ पूर्णांक १/८ झाले की साखळी बदलावी, कारण सैल साखळी उतरली तर येथे चाकच अडकते. मधोमध दाबून वरखाली अर्धा इंच हलेल इतकीच ती ढिली असावी. पुसताना एक पथ्य जिवापाड पाळावे: पायडल फिरवत साखळीला फडके लावायचे नाही. साध्या सायकलीत हात अडकला तर चाकाचा वेग पायडलपर्यंत पोहोचत नाही. येथे फिरते चाक बोट चक्रीत ओढून नेते. ओढणी आणि सलवारीची कड यांनाही हेच लागू आहे. उजव्या पायाला पट्टी बांधावी, ओढणी आवळून घ्यावी.

प्रश्न : जुन्या फ्रेमचा रंग काढून पावडर कोटिंग करावे का? चिमट्यावर नगरपालिकेचा जुना पत्र्याचा बिल्लाही आहे. — एक वाचक, शहापूर

उत्तर : गंजाने नळीला भोक पडले नसेल तर करू नये. कोटिंगपूर्वी वाळूचा मारा करून फ्रेम घासतात, त्यात कोरलेला नंबर बुजतो आणि कारखान्याची चित्रे तर जातातच. तेलाचे फडके आणि बारीक स्टील वूल यांनी वरचा गंज निघतो. नळ्यांच्या आत सीटच्या भोकातून थोडे तेल सोडून फ्रेम उलटासुलटा करून ठेवावा. बिल्ला सायकल कराच्या काळातला आहे, तो असू द्यावा. त्याच्या स्क्रूखाली पाणी साचते, म्हणून पावसाळ्याआधी एकदा तो काढून खाली ग्रीसचा हात फिरवावा आणि पुन्हा तेथेच बसवावा.