बाई मुलीला परीक्षेला बसवत नाहीत

पत्राचा सारांश : मुलगी नववीत आहे. गेली चार वर्षे ती आमच्याच भागातील एका बाईंकडे, त्यांच्या घरी, दर शनिवारी पियानो शिकते. लंडनच्या एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाच्या चौथ्या ग्रेडला तिला १५० पैकी १२२ गुण मिळाले; डिस्टिंक्शन आठ गुणांनी गेले. बारावीच्या आत आठवी ग्रेड झाली, तर अभियांत्रिकीचे न जमल्यास हाताशी एक पदवी राहील, असा आमचा विचार आहे. बाई मात्र यंदा पाचव्या ग्रेडचा अर्ज भरायला तयार नाहीत. पुण्यातील एक क्लास वर्षाला दोन ग्रेड करून देतो म्हणतो. मी स्वतः शिकवणीला बसून मोबाइलवर चित्रण करतो, पण घरी ती ते पाहत नाही. रात्री हेडफोन लावून भलतेच काहीतरी वाजवत बसते. बाई बदलाव्यात का? (एक पालक, जुळे सोलापूर)

महोदय,

बाई बदलू नयेत. तुमच्या प्रश्नाचे उत्तर इतकेच आहे. परंतु पत्र मी पुन्हा वाचले ते वेगळ्या कारणासाठी. चार पानांत बाईंची फी आहे, पुण्याच्या क्लासचे दर आहेत, तुमच्या पुतण्याच्या तबल्याच्या परीक्षा आहेत. मुलीच्या तोंडचे मात्र एकही वाक्य नाही. तिला कोणती रचना वाजवावीशी वाटते, पाचवी ग्रेड यंदाच द्यायची आहे का, हे तुम्ही तिला विचारले असेल, तर तिने काय सांगितले ते लिहायचे राहून गेले आहे. विचारलेच नसेल, तर तो विषय बाईंच्या अध्यापनाहून गंभीर आहे.

शिकवणीच्या खोलीत बसून चित्रण करणे तुम्ही जबाबदारीच्या भावनेने करत असाल, यात मला शंका नाही. तरीही ते थांबवा. पियानोच्या शिकवणीत अर्धा वेळ चुकण्यात जातो. उजव्या हाताची ओळ आली, डाव्याची आली, दोन्ही एकत्र घेतली की सगळे कोसळते. मग लय निम्म्यावर आणून तीच चार मात्रांची जागा दहा वेळा वाजवावी लागते. चौदा वर्षांची मुलगी वडिलांच्या कॅमेऱ्यासमोर हे करत नाही, जे आधीच येते तेच वाजवून तास संपवते, आणि बाईही तुमच्यादेखत तिला फारसे थांबवत नसतील. शिवाय घरी आल्यावर तिने स्वतःच्या चुका तुमच्या शेजारी बसून पडद्यावर पाहाव्यात, अशी तुमची अपेक्षा आहे. ती पाहत नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

आता गुणपत्रिकेकडे वळू. तिची प्रत तुम्ही पाठवली हे बरे झाले. तीन रचनांना मिळून ९० पैकी ७६, स्केल्सना (सुरांच्या क्रमवार चढ-उतारांना) २१ पैकी १७, साइट-रीडिंगला २१ पैकी १२ आणि श्रवणचाचणीला १८ पैकी १७. साइट-रीडिंगमध्ये कधीही न पाहिलेले नोटेशन समोर येते, ते अर्धा मिनिट न्याहाळायला मिळते आणि लगेच वाजवावे लागते. या भागात उत्तीर्णतेची पातळी १४ गुणांची आहे, म्हणजे मुलगी तिथे खाली राहिली. श्रवणात परीक्षकांनी वाजवलेली ओळ ऐकून गाऊन दाखवायची असते. तिथे तिचा एकच गुण गेला. कोणत्याही जाणत्या शिक्षकाला या दोन आकड्यांवरून कळेल की मुलीचा कान उत्तम आहे आणि त्याच कानाच्या जोरावर ती रचना पाठ करून टाकते, त्यामुळे वाचन मागे पडले आहे. ही उणीव चौथ्या ग्रेडपर्यंत झाकली जाते. पुढे रचना लांबतात, दोन्ही हातांत स्वतंत्र सूर येतात, आणि प्रत्येक पान पाठ करूनच शिकणारा विद्यार्थी अडतो. बाई थांबा म्हणतात ते यासाठी. एबीआरएसएममध्ये सहाव्या ग्रेडला बसण्यापूर्वी सहसा पाचव्या ग्रेडची थिअरी, म्हणजे संगीतशास्त्राची परीक्षा, उत्तीर्ण व्हावी लागते, आणि त्या थिअरीचा पायाही वाचनच आहे.

बाई फीसाठी वेळकाढूपणा करतात, हा तुमचा संशय मला पटत नाही. दारावर पाटी नसलेल्या शिक्षिकेकडे नवे विद्यार्थी येतात ते जुन्यांचे निकाल पाहून. भराभर परीक्षेला बसवण्यात तिचाही फायदाच असतो. तो सोडून ती थांबायला सांगते, तेव्हा तिचे ऐकावे.

आठव्या ग्रेडला तुम्ही पदवी समजता, हा गैरसमज सोलापुरातच नव्हे, पुण्या-मुंबईतही भेटतो. तबल्याच्या किंवा गायनाच्या परीक्षांत विशारद झाले की पदवी झाली, असे आपल्याकडे सर्रास धरले जाते, आणि तोच हिशेब लंडनच्या मंडळांना लावला जातो. ब्रिटनच्या पात्रता चौकटीत सहावी, सातवी आणि आठवी या तिन्ही ग्रेड तिसऱ्या स्तरावर आहेत. तिथल्या ए-लेव्हल्सचाही स्तर तोच, म्हणजे ढोबळमानाने आपली बारावी. संगीताच्या पदवीला प्रवेश मागणारा विद्यार्थी साधारण या उंबऱ्यावर उभा असतो; मंडळाच्या पदविका आठवीनंतरच सुरू होतात. सहावी ते आठवीच्या ग्रेडना ब्रिटिश विद्यापीठांच्या प्रवेशगुणांत स्थान आहे, परंतु जेईई किंवा एमएचटी-सीईटीच्या गुणवत्ता यादीत या प्रमाणपत्राचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा अभियांत्रिकी हुकल्यास आठवी ग्रेड तारून नेईल, या समजुतीवर मुलीची तीन वर्षे बेतू नका.

वर्षाला दोन ग्रेड करून देण्याबद्दल एवढेच सांगतो की क्रमाने सगळ्या ग्रेड देणे मंडळाने बंधनकारक केलेलेच नाही, त्यामुळे परीक्षांची संख्या हे प्रगतीचे माप ठरत नाही. दर रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परतायचे, पाऊण तासाच्या शिकवणीसाठी पाचशे किलोमीटर, आणि सोमवारी सकाळी शाळा, हा बेत दहावीच्या तोंडावर करू नये.

त्या प्रवासाचा पैसा वाद्यावर खर्च करा. मुलगी बाईंकडे खऱ्या पियानोवर शिकते आणि घरी ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर सराव करते. पियानोला ८८ पट्ट्या असतात आणि त्या दाबायला वजन लागते. हलक्या पट्ट्यांवर तयार झालेले बोट शनिवारी बाईंकडे मऊ वाजवायला गेले की सूर उमटतच नाही, आणि तुमच्या चित्रणात ती चूक म्हणून नोंदली जाते. ८८ वजनदार पट्ट्यांचा, पेडल असलेला डिजिटल पियानो चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे मिळतो. लाकडी पियानोच्या मोहात पडू नका. सोलापूरचा कोरडा उन्हाळा आणि त्यापाठोपाठची पावसाळी हवा यांनी त्याचे सूर हलतात, आणि दर खेपेस ट्यूनर बोलवावा लागतो.

रात्रीच्या वाजवण्याला तुम्ही 'भलतेच काहीतरी' म्हटले आहे. खोलीबाहेर तुम्हाला प्लास्टिकच्या पट्ट्यांची टकटक तेवढी ऐकू येते, मग ते भलते आहे हे कशावरून ठरवले? १८ पैकी १७ गुणांचा कान असलेली मुलगी कुणी न सांगता, दिवसभराच्या शाळेनंतर वाद्यावर बसते, आणि तुमच्या पत्रात ती तक्रारींच्या यादीत येते. नवे वाद्य आणल्यावरही हेडफोन तिच्याकडेच राहू द्या. काय वाजवतेस, असे तिला विचारायला हरकत नाही. वाजवून दाखव म्हणू नका, निदान पाहुण्यांसमोर तरी नक्कीच नाही.

व्यवसायाचा निर्णय आज घेण्याचे कारण नाही. शिकवणे, साथ करणे, स्टुडिओतील संगीत संयोजन असे मार्ग आहेत. पदवीच्या पातळीवर पूर्ण वेळ शिकण्यासाठी चेन्नईची, २००८ मध्ये सुरू झालेली केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी यांसारख्या संस्था आहेत. दहावीनंतर मुलीला त्यांची माहिती स्वतःहून घ्यावीशी वाटली, तर तिच्याबरोबर जाऊन पाहून या. तोवर दररोज दहा मिनिटे, दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडच्या न पाहिलेल्या सोप्या रचना वाचून वाजवणे एवढा नेम पुरे. पुस्तके बाई सुचवतील.

पुढचे पत्र मुलीने लिहावे, आणि ते तुम्ही न वाचता पाकीट बंद करावे. एक गोष्ट राहिली. पाहुणे आले म्हणून दोन शनिवार दांडी झाली, तेव्हा तुम्ही बाईंच्या फीतून ते कापल्याचे लिहिले आहे. तुमच्या मुलीसाठी राखलेला तास ऐन वेळी त्यांना दुसऱ्या कुणाला देता येत नाही, आणि घरी शिकवणाऱ्या शिक्षिकेला भरपगारी रजाही नसते. ते पैसे येत्या शनिवारी देऊन टाका. आणि मुलीला दारापर्यंत सोडून तिथूनच परत या.